साधंच करायचं ठरलंय

साखरपुड्याच्या दिवशी दोन्ही घरांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते शेवटचंच. लग्न साधंच करायचं. आधी दादा म्हणाला, मग व्याही म्हणाले, मग वहिनी, मग विहीणबाई. मुलगा-मुलगी तर एका सुरात म्हणाली. आमच्या बबडीने मान इतक्या उत्साहाने हलवली, की तिच्या कानातला झुबा निसटून पेढ्यांच्या ताटात पडला. मग दोन्हीकडच्या बायका बराच वेळ पेढे फोडून बघत होत्या. फुटलेले पेढे मानाच्या माणसांना देता येईनात, म्हणून नवे आणले. साधेपणाची सुरुवात अशी जरा खर्चिकच झाली.

साधं म्हणजे किती माणसांचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते मी विचारलं. आमच्या घराण्यात प्रश्न विचारणाऱ्याच्याच गळ्यात ते काम घालण्याची पद्धत आहे. त्यामुळे यादी माझ्याकडे आली.

मी मुलीची आत्या. सगळी नोकरी बँकेत झाली. ताळेबंदात एका रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत खुर्ची न सोडणारी बाई, अशी माझी ख्याती होती. (ती मीच पसरवली होती, हा भाग वेगळा.) पाहुण्यांची यादी म्हणजे काय, नावं लिहायची आणि बेरीज मारायची, असा माझा समज. पण बँकेतले आकडे रुसत नाहीत. 'आम्हाला नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलंत, घरी यायला पाय दुखत होते का?' असं कुठलाही आकडा विचारत नाही.

मी एक्सेलमध्ये चार रकाने पाडले. पहिला, बोलवायचेच. दुसरा, बोलवावे लागतील. तिसरा, बोलवू पण येणार नाहीत. चौथा, बोलवायचे नाहीत. वहिनीने चौथा रकाना बघितला आणि तिचा चेहराच उतरला. "ही फाइल कुणाच्या हाती लागली तर?" त्या भीतीपोटी चौथ्यातले सगळे दुसऱ्यात गेले. तिसऱ्या रकान्याबद्दल एवढंच सांगते, की त्यातली माणसं हमखास येतात. अमेरिकेतली येतात, गुडघे बदललेली येतात, आणि येताना नातवंडं घेऊन येतात.

"आपली मोजकीच माणसं. दोनशे म्हणजे डोक्यावरून पाणी," दादा म्हणाला होता. नुसत्या आमच्या आजोबांच्या बाजूची एकशे ऐंशी झाली. वहिनीचं माहेर अजून यायचं होतं. तिने आकडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या माहेरचे नसले तरी चालतील." ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. संध्याकाळच्या आत तिच्या माहेरची सत्तर नावं यादीत चढली.

मग शेजारी. डोंबिवलीतली आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासात पाडली. बिल्डिंग पडली, शेजारी मात्र यादीत तसेच उभे. मग दादाचा लोकलमधला ग्रुप. हा ग्रुप दादाच्या आयुष्यात इतका महत्त्वाचा, की त्यातल्या निम्म्या लोकांची नावं त्याला माहीत नाहीत. यादीत अशा नोंदी झाल्या : 'शिंदे (खिडकी)', 'दारातले पाटील', 'भजनात टाळ वाजवणारे', 'मुंब्र्याला उठून जागा देणारे'. यांना पत्रिका कुठल्या पत्त्यावर पाठवायची, असं मी विचारलं. "पत्ता कशाला? मधला डबा," दादा म्हणाला.

वादाचा निकाल लावायला वहिनीने माळ्यावरून आहेराची वही काढली. १९९४ सालची, तिच्या आणि दादाच्या लग्नातली. कुणी काय दिलं ते त्यात शाईने लिहिलेलं. सोळा जणांनी स्टीलचा डबा, सात जणांनी भिंतीवरचं घड्याळ आणि बाकी सगळे ५१ रुपये. "यांनी तेव्हा एक्कावन्न दिले होते," वहिनी एकेका नावावर बोट ठेवत म्हणायची, "बोलवायलाच पाहिजे." माझ्यातली बँक जागी झाली. द.सा.द.शे. सात टक्के चक्रवाढीने ५१ रुपयांचे आज सुमारे ४४५ होतात. केटररचा पानाचा दर साडेसातशे. म्हणजे जो मनुष्य तेव्हा एक्कावन्न देऊन गेला त्याला आता एकट्याने बोलावलं तरी तीनशे रुपयांची खोट, आणि तो तर सहकुटुंब येणार. हे मी सप्रमाण मांडलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या सासरच्यांनी तर डबाच दिला होता." ताळेबंद तिथेच मिटवला.

सरकारलासुद्धा लग्नात यादी लागते, हे फार जणांना ठाऊक नसतं. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम झाले, की लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि तो नातेवाईक असेल तर नातं, आणि खाली नवरा-नवरीच्या सह्या. नियम चांगला आहे. पण प्रामाणिकपणे पाळला तर घराणी फुटतील. वर्णन : काचेच्या वाट्यांचा संच, एक वाटी कमी. अंदाजे किंमत : खोक्यावर २०११ ची छापील. देणाऱ्याचं नाव : खोक्याच्या आत सापडलेल्या चिठ्ठीवर तिसऱ्याच जोडप्याला शुभाशीर्वाद. नातं : आतापर्यंत होतं.

असो. आमची यादी तीनशे चाळीसवर थांबली, आणि आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरला बैठकीला गेलो. मुलाकडची माणसं तिकडची. घर मोठं, अंगण मोठं, मनं मोठी. हे सगळं बघून मला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली.

"तुमची किती हुतील, ताई?" मुलाच्या थोरल्या काकांनी विचारलं.

"तीनशे चाळीस," मी ओशाळून म्हणाले. साधं लग्न आणि हा आकडा!

"घरं?"

"माणसं."

काकांनी आमच्याकडे फार कणवेने बघितलं. मग दादाच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. वाईट वाटून घेऊ नका. आम्ही भरून काढतो."

"तुमची साधारण किती?" दादाने विचारलं.

"आमची काय जास्त न्हाईत. भावकी, पावणं, तालमीतली पोरं, सोसायटीचं मेंबर, दूध संघ, पतसंस्था आणि गाव."

"गाव म्हणजे?"

"गाव म्हंजे गाव."

दादाने पाणी मागितलं. मी 'गाव' असं लिहिलं आणि पुढे आकड्याची जागा कोरी सोडली. अजूनही ती कोरीच आहे.

पण थोरल्या काकांना दोष देणार नाही मी. त्या अख्ख्या दिवाणखान्यात साधेपणावर खरोखर विश्वास असलेला तो एकच माणूस होता. देण्याघेण्याच्या याद्या लिहायला सुरुवात झाली आणि कुणाला पैठणी, कुणाला नुसता ब्लाउजपीस, कुणाला टोपी, कुणाला फेटा यात दोन्हीकडच्या बायका गळ्यापर्यंत रुतल्या. तेव्हा ते खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, समदी हायतच हितं. साधंच करायचं म्हणताय न्हवं? मग यादी पे शादी करून टाकूया की. भटजी मागल्या गल्लीत ऱ्हातात. हार मी सांगतो."

यादी पे शादी म्हणजे बैठकीला जमलेल्या माणसांतच, तिथल्या तिथे, हळद लावून लग्न उरकायचं. तिकडे हा रिवाज चांगला माहितीचा आहे. कर्ज नाही, मांडव नाही, रुसवेफुगवे नाहीत. बबडी आणि तो मुलगा एकमेकांकडे बघून म्हणाले, "चालेल की!" त्यांचे डोळे चमकले, मी स्वतः बघितलं.

"अहो, पण मी प्रवासातली साडी नेसलेय," वहिनी म्हणाली.

"आणि माझा भाऊ आलेलाच नाही. त्याच्याशिवाय लग्न?" विहीणबाई म्हणाल्या.

"लोकलमधल्या लोकांना काय तोंड दाखवू?" दादा पुटपुटला.

"आणि गावाला?" व्याही म्हणाले.

चहा निवायच्या आत तो प्रस्ताव बारगळला. थोरले काका पानाचा डबा ओढून घेत म्हणाले, "मग उगं साधं साधं कशाला म्हणताय?" याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. लग्न मोजक्या पाचशे माणसांत मध्यावर, म्हणजे पुण्यात, आणि नंतर कोल्हापूरला गावजेवण वेगळं. एका साध्या लग्नाची अशी दोन झाली. पुण्यात दोन्ही घरांचं कुणीही राहत नाही, हा त्या तोडग्यातला निःपक्षपातीपणा.

आता मुहूर्त. वहिनी दाते पंचांगाशिवाय भाजीसुद्धा आणत नाही. यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आला. १७ मे ते १५ जून, ऐन लग्नसराईत महिनाभर लग्न नाही. पुढे आषाढी एकादशीला देव झोपणार ते कार्तिकीला उठणार, तोवर चातुर्मास. देव उठले तरी आधी तुळशीचं लग्न, मग माणसांचं. पौष वहिनीला चालत नाही. मुलाला मार्चअखेर चालत नाही, तो सीए आहे. बबडीच्या ऑफिसात जानेवारीत नव्या प्रकल्पाची धामधूम. आकाशातले ग्रह एक वेळ हलतील, पण रजेचा अर्ज हलणार नाही. या सगळ्यांना चुकवून डिसेंबराचे पहिले पंधरा दिवस उरले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक उपवर घरात हाच हिशेब चालला होता, हे आम्हाला पुढे कळायचं होतं.

अधिक महिना मात्र सुखासुखी गेला नाही. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. प्रश्न असा पडला, की साखरपुडा झालेला पण लग्न न झालेला मुलगा जावयात धरायचा का? यावर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जी चर्चा झाली तेवढी बँकांच्या विलीनीकरणावरही झाली नसेल. "साखरपुडा झाला म्हणजे अर्धा जावई झाला, सोळा द्या," असं एका मामांनी सुचवलं. मग उरलेल्या अर्ध्याचं काय, यावर दोन दिवस गेले. शेवटी वहिनीने गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, "नाही दिलंत तरी चालेल. दिलंत तर दोष नाही." धर्मशास्त्रातलं सगळ्यांत महाग उत्तर हे. 'चालेल' यावर आमच्या वहिनीने आयुष्यात कधी काही सोडलेलं नाही. म्हणजे द्यायचंच.

मे महिन्याच्या उकाड्यात, डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, तुपाच्या कढईपाशी आम्ही दोघी नणंदा-भावजया. पीठ सैल झालं होतं की गूळ जास्त झाला होता, यावर अजून आमचं एकमत नाही. पण निम्मे अनारसे तुपात पडल्या पडल्या हसले. बाकीच्यांनी नुसतं स्मित केलं. विरघळायचे राहिलेले मोजून, कमी पडले ते दुकानातून आणून, चांदीच्या दिव्यासकट ताट सजवलं. (चांदीचा दिवा साधाच होता.) होणारे जावईबापू आले, वाकून नमस्कार केला, ताटाकडे बघितलं आणि फार नम्रपणे म्हणाले, "मी लग्नापर्यंत साखर सोडलीय. गूळपण. आणि तूप." वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी दिव्याकडे बघितलं. ते तेहेतीस अनारसे पुढे आठवडाभर दादाने खाल्ले. तो जावई आहेच, पण माझ्या वहिनीच्या माहेरचा.

पुण्यात कार्यालय ठरवायला मी आणि दादा गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण अजून आशा सोडलेली नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी वर न बघता विचारलं, "कार्य?"

"लग्न."

"महिना?"

"डिसेंबर."

"कुठला?"

मला प्रश्न कळला नाही. "यंदाचा," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, मला बघितलं, चष्मा परत घातला. "यंदाचा डिसेंबर गेल्या डिसेंबरात संपला."

"एखादं रद्द झालं तर कळवाल का?" दादाने विचारलं.

"आमच्याकडची लग्नं मोडत नाहीत." हे वाक्य त्यांनी अभिमानाने म्हटलं की खेदाने, ते ओळखू आलं नाही.

तरी पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून मी नियम विचारून घेतले. सकाळी सात ते दुपारी चार. किमान चारशे पानं. केटरर त्यांचाच. वीज मीटरप्रमाणे वेगळी. अनामत परत मिळेल, 'पण सहसा मिळत नाही'. भिंतीवर पाटी होती : फरशीवर रांगोळी काढू नये. भिंतीला चिकटपट्टी लावू नये. अक्षता मर्यादित टाकाव्यात. सनई-चौघडा मोठ्याने लावू नये. मुलांना पळू देऊ नये. या सर्व अटी पाळून तिथे फक्त शोकसभा होऊ शकते.

"चार वाजता दिवे बंद," गृहस्थ म्हणाले.

"आणि नवरी आत असली तर?"

"नवरी कधीच गेलेली असते. मागे राहतात ते मुलीचे काका आणि आत्या. त्यांचं सामान हरवलेलं असतं."

इतकं अचूक निरीक्षण मी फार कमी लोकांकडून ऐकलंय.

मोठ्यांची थट्टा पुष्कळ झाली. आता लहानांकडे वळू, कारण त्यांचाही साधेपणा काही साधा नाही. "आत्या, आम्हाला खरंच मोठं काही नको," बबडी म्हणाली, "फक्त फोटो चांगले हवेत." या 'फक्त'ने आतापर्यंत बहुतेक दोन्हीकडचा भविष्यनिर्वाह निधी खाल्ला आहे. फोटोग्राफर दोन प्रकारचे असतात. जुना 'इकडे बघा' म्हणतो. नवा, कँडिडवाला, 'इकडे बघू नका' म्हणतो. बघू नका म्हणायचा दर बघा म्हणण्याच्या दुप्पट आहे. शिवाय दोघेही लागतात, म्हणजे स्टेजवर नवरा-नवरीने नेमकं करायचं काय, हा प्रश्न राहतोच.

लग्नाआधीच्या फोटोंसाठी पंचगंगेचा घाट ठरला. पहाटेची वेळ, कोवळं ऊन, बबडीच्या अंगावर जमिनीला दहा हात लोळणारा झगा. मोठं माणूस सोबत हवं म्हणून मला नेलेलं. तिथे गेल्यावर कळलं, की सोबतीबरोबरच मला एक चंदेरी तबकडी उन्हात धरायची होती आणि फोटोत दिसायचं नव्हतं. माझा देह लपवण्याजोगा नाही. त्यामुळे मी एका दीपमाळेमागे अर्धी बसलेली, तबकडी बाहेर, असा सगळा देखावा. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघताहेत, वाऱ्यावर झगा उडतोय, आणि तेवढ्यात म्हशी आल्या. त्यांची ती रोजची वेळ. आम्हीच मध्ये घुसलो होतो.

"काकू, म्हशी जरा बाजूला घ्याल का?" फोटोग्राफर म्हणाला.

"मी बँकेत होते," मी दीपमाळेमागून सांगितलं.

झग्याचं शेपूट एका म्हशीने पायाखाली घेतलं आणि ती तशीच विचार करत उभी राहिली. पुढे फोटो आले. त्यात सगळ्यांत छान म्हैस आलीय. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. जुन्या वळणाची असणार.

या सगळ्याला वैतागून एका रात्री दोघांनी आम्हाला व्हिडिओ कॉल केला आणि जाहीर केलं, "आम्ही नोंदणी विवाह करतो." विशेष विवाह कायदा, १९५४. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. मुलगा सीए असल्याने त्याने कलमांसकट सांगितलं. क्षणभर सगळे गप्प. मग मला वाटलं त्यापेक्षा अगदीच वेगळं घडलं. कुणी रडलं नाही, कुणी 'लोक काय म्हणतील' म्हटलं नाही. वहिनीने फक्त विचारलं, "तीन साक्षीदार कोण?"

"कोणीही. मित्र असतील."

"मित्र?" दादाचा आवाज चढला. "मामा जिवंत असताना मित्र सही करणार?"

"मामा कशाला? थोरले काका आहेत की," पलीकडून विहीणबाई.

"मग आमच्याकडचे दोन हवेत. मुलगी आमची आहे."

"तिघांत दोन कसे? मग आमचा एकच?"

पाचशे माणसांच्या यादीवरून जी भांडणं झाली ती सौम्य होती, हे मला त्या रात्री समजलं. पाचशेत न बसलेला माणूस मनातल्या मनात रुसतो. तिघांत न बसलेला माणूस वकील गाठतो. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती, तेव्हा आमच्याकडे एक लग्न झालं आणि कुणीही रुसलं नाही. कारण यादी सरकारने छाटली होती. त्या वेळी टाळले गेलेले सगळे मात्र आता थकबाकीसह हजर झालेत : "तेव्हाचं राहिलंय, निदान या वेळी तरी..." नोंदणी विवाहाचा विषय मागे पडला. आता आमच्याकडे कार्यालयातलं लग्न, गावजेवण आणि नंतर कधीतरी नोंदणी असे तीन समारंभ आहेत. साक्षीदारांसाठी वेगळा रकाना केलाय. त्यात सध्या अकरा नावं आहेत.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी या सगळ्यापासून अलिप्तच राहिले असते, पण मंगलाष्टकं माझ्याकडे आहेत. मी ती रचते. आमच्या घरातलं एकही लग्न माझ्या मंगलाष्टकांशिवाय लागलेलं नाही, आणि एकही वेळेवर लागलेलं नाही. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात. ओळीत १९ अक्षरं, गण म स ज स त त ग. त्यात वधूवरांचे आई-वडील, आजी-आजोबा, काका-मामा सगळे गुंफायचे. तीही यादीच, फक्त गाता येते. या वेळी सगळे बसले, एक सोडून. आमच्या चुलतकाकांचं नाव कमलाकर. लघु लघु गुरू लघु लघु. शार्दूलविक्रीडितात या क्रमाला कुठेही जागा नाही. मी ओळीच्या सुरुवातीला करून बघितलं, मध्ये करून बघितलं, यतीपाशी खेचून बघितलं. काकांपर्यंत बातमी गेली. त्यांचा फोन आला.

"म्हणजे मला जागा नाही?"

"तुम्हाला आहे, काका. तुमच्या नावाला नाही."

"तुझ्या लग्नात आइस्क्रीम माझ्या पैशाने झालं होतं. ते कुठल्या वृत्तात बसवलं होतंस?"

"काका, गणांचा प्रश्न आहे हो."

"मग वृत्त बदल."

शेवटी मी ओवीचा विचार केला. ओवीला अक्षरांची इतकी सक्ती नसते, तिच्यात कुणीही मावतं. गुरुजी म्हणाले, "मंगलाष्टकं ओवीत म्हणायची असतील तर तुम्ही आधी जातं आणा." सध्या मी कमलाकरकाकांना टोपणनाव घ्यायला सुचवलंय. ते विचार करून कळवणार आहेत. तोवर ते यादीतल्या पहिल्या रकान्यातून तिसऱ्यात गेलेत, म्हणजे येणार हे नक्की.

वाचकांना एक विनंती. येत्या डिसेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्यात ठरवलेलं कार्यालय कुणी सोडणार असेल, तर कृपा करून कळवा. लग्न मोडल्यामुळे रिकामं झालेलं नको, वहिनी त्याला अपशकुन मानते. तारीख पुढे ढकललेली असेल तर चालेल. दुपारी चारला दिवे जात असले तरीही चालेल. कळवणाऱ्याचे आम्ही जन्मभर ऋणी राहू. आमंत्रणाचं मात्र तेवढं विचारू नका. यादी बंद झालीय.